ठमाबाईचा घोटा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नसे, कोटाच्या खिशातली तपकिरीची डबीसुद्धा नाही. ती गेल्या वर्षी गेली. आता ऐकून दुखावेल असं घरात कुणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगायचा धीर आला असं म्हणा. पण धीर तरी कसला? ऐकणारं माणूस गेल्यावर तोंड उघडायचं, याला काही धीर म्हणत नाहीत.

मी डॉक्टर आहे. लोणावळ्याच्या बाजारपेठेत माझा दवाखाना आहे, जर्मन लढाई संपल्यावर पाच-सहा वर्षांनी काढलेला. आता दुसरी लढाईही संपली. एवढ्या काळात माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही. डॉक्टरच्या चुका एकतर आपोआप बऱ्या होतात, नाहीतर मसणात जातात, असं आमच्यातलेच लोक चहा पिताना म्हणतात आणि हसतात. मीही हसलो आहे. पण मी सांगतोय ती नुसती चूक नव्हे. चूक तिच्यात आहे, पण ती लहान आहे. तिच्या पाठोपाठ जे आलं ते मोठं — जरा थांबा, मला क्रमानं येऊ द्या.

गोष्ट एका घोट्याची आहे.

घोटा म्हणजे काय हे मला त्या काळी फार चांगलं ठाऊक होतं. नडगीचं जाड हाड आतल्या बाजूनं खाली उतरतं, त्याच्या शेजारचं बारीक हाड बाहेरच्या बाजूनं उतरतं, आणि ते थोडं जास्तच खाली येतं. आत्ता बसल्या जागी हात लावून पाहा, बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खाली लागेल. या दोन हाडांच्या चिमट्यात तिसरं एक हाड बसलेलं असतं. सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर — आणि गंमत अशी की त्याला एकसुद्धा स्नायू चिकटलेला नाही. शेजारच्यांनी धरून ठेवलं तर ते जागेवर, नाहीतर नाही. पुढून ते रुंद असतं, मागून अरुंद. म्हणून पंजा वर ओढला की सांधा घट्ट बसतो, आणि उतारावर सोडतो तसा पंजा खाली सोडला की सैल पडतो. माणसाचा पाय चढताना क्वचित जातो, उतरताना जातो, तो यामुळं.

पुण्याला परीक्षेत हे मधलं हाड माझ्या हातात देऊन परीक्षकांनी विचारलं होतं, डावं की उजवं? मी ते हातात घेता घेता उत्तर दिलं. त्यांनी नुसती मान डोलावली. ती डोलावलेली मान मला पुढं दोन वर्षं पुरली.

आता दाऊदभाईंबद्दल सांगायला हवं. दाऊदभाई नालबंद होते. बाजाराच्या टोकाला, टांग्यांच्या अड्ड्याजवळ त्यांची पत्र्याची शेड होती. तिथं बैलांना आणि टांग्याच्या घोड्यांना नाल मारायचे. त्यांचे वडीलही तेच करत. बैल दोरानं पाडून त्याचे पाय बांधायचे, खूर तासायचा, नाल बसवायचा — दिवसभर हातात पाय. आणि जनावरांचे झाले की माणसांचे. कुणाचं मनगट निखळलं, कुणाचा खांदा उतरला, कुणाचा पाय मोडला, की मावळातली माणसं आधी दाऊदभाईंकडं जात. हाड बसवायचे पैसे ते घेत नसत. घेतले तर हाताचा गुण जातो, असं त्यांच्या घरात मानत. नारळ दिला तर घेत, तो फोडून तिथंच सगळ्यांना वाटत.

मला ते आवडत नसत. खोटं कशाला बोलू? मी दवाखान्यात पांढरा कोट घालून माश्या मारत बसलेला असायचो आणि समोरून दाऊदभाईंकडं जाणारी बैलगाडी जायची, आत पाय दुखावलेलं माणूस. मी मित्रांत त्यांना 'बैलांचे सर्जन' म्हणायचो. मित्र हसायचे. त्या नावानं त्यांचं काही बिघडलं नाही, माझ्या दवाखान्यात पेशंटही वाढले नाहीत.

दवाखान्याच्या दुसऱ्या वर्षी श्रावणाच्या तोंडाला ठमाबाई आली. जवळच्या औंढे गावची, तिशीच्या आतबाहेरची, घरची शेती. भाताची आवणी चालू होती. डोक्यावर रोपांचा भारा घेऊन बांधावरून खाचरात उतरताना तिचा उजवा पाय सटकला — उतरताना, म्हणजे पंजा खाली असताना, म्हणजे सांधा नेमका सैल असताना. हे मी तिथल्या तिथं मनात म्हटलं, आणि मला बरं वाटलं, पुस्तकातलं वाक्य समोर चालत आलं म्हणून. चालत म्हणजे खरोखर चालत. नवरा धोंडिबा तिच्या काखेत हात घालून होता, पण औंढ्याहून ती आपल्या पायांनी आली होती. ती खरं तर दाऊदभाईंकडंच जाणार होती, पण नवऱ्याच्या मनात आलं की आता गावात शिकलेला डॉक्टर आला आहे, तर त्याला दाखवू.

पाय सुजला होता. त्यावर हळदीचा लेप, लेपावर चिखल, आणि घोट्याच्या वर चांदीचा जाड वाळा, सुजेत रुतलेला. मी स्टुलावरून खाली वाकलो.

आणि तिनं पाय मागं ओढला.

"नगा, डाक्टरसायब, पायाला हात नगा लावू," ती म्हणाली. "बामनाचा हात माज्या पायाला... ह्ये पाप म्या कुटं फेडू?"

इथं मी तुम्हाला काय सांगितलं पाहिजे? मी असं सांगू शकतो की बाईनं मना केलं, मी तिच्या भिडेला मान दिला. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण तिनं पाय मागं घेतला तो दोन बोटं. मी हात मागं घेतला तो पार कोटाच्या खिशात. रोज मी नाड्या पाहत होतो, पोटं दाबत होतो, घशात बोटं घालत होतो, तेव्हा कुणाची जात आडवी येत नव्हती. एक शब्द बोललो असतो — बाई, डॉक्टरला जात नसते, पाय इकडं कर — तर तिनं केला असता. मी बोललो नाही. का? तर तो चिखल, तो लेप, आणि शेतकऱ्याच्या बायकोच्या पायाशी वाकलेला मी, दारातून बाजार बघतोय. मला सुटल्यासारखं वाटलं. हे खरं कारण आहे आणि ते एवढंच आहे.

मग मी काय केलं? मी लांबून पाहिलं. म्हटलं, उभी राहा. ती उभी राहिली. म्हटलं, चार पावलं चाल. ती चालली. ओठ आवळून चालली, पण चालली. पुस्तकात लिहिलं होतं की घोट्याचं हाड मोडलेल्याला त्या पायावर उभं राहता येत नाही. पुस्तक लिहिणाऱ्यानं मावळातली बाई पाहिलेली नव्हती. तिला डॉक्टर म्हणतो उभी राहा, तर ती राहणार; चाल म्हणतो, तर चालणार. पुराणातली वांगी पुराणात! पण मी त्यांचंच भरीत करून तिला वाढलं. सांगितलं, पाय मुरगळला आहे, हाड शाबूत आहे. लावायला औषध दिलं. आणि वर बजावलं, बसून राहू नकोस, चालती राहा, नाहीतर सांधा धरेल.

तिनं ऐकलं हो. शब्द न् शब्द ऐकला. त्या पायानं तिनं उरलेली आवणी केली, चिखलात, गुडघ्याएवढ्या पाण्यात. मी सांगितलं होतं ना, चालती राहा म्हणून.

महिन्याभरानं पाऊल बाहेरच्या अंगाला कललं. तेव्हा ती दाऊदभाईंकडं गेली. त्यांनी काय केलं ते मला पुढं धोंडिबाकडूनच कळलं. त्यांनी आधी कोमट पाण्यानं तिचे दोन्ही पाय धुतले. वाळा तेल लावून हळूहळू वर सरकवला. मग चांगला पाय मांडीवर घेतला आणि डोळे मिटून तो चाचपला, बराच वेळ. मग दुखरा. म्हणाले, बाहेरचं हाड मोडलं होतं आणि ते तसंच वाकडं जुळून आलं आहे, मधल्या हाडाची बैठक रुंदावली आहे. आधी आली असतीस तर सहा आठवडे बांधून बसवलं असतं. आता मी बांधतो, दुखणं उतरेल, पण पाय पहिल्यासारखा होणार नाही. हे त्यांनी बांधायच्या आधी सांगितलं. अंड्याचं पांढरं आणि उडदाचं पीठ लावून, बांबूच्या कामट्या घालून त्यांनी पाय बांधला आणि तिला घरात बसवलं.

सहा आठवड्यांनी पट्टी सुटली. दुखणं उतरलं होतं. पाऊल कललेलंच होतं.

गावात बोलणं सुरू झालं. ठमाबाई चालत डॉक्टरकडं गेली होती, चालत आली होती, महिनाभर शेतात राबली होती. दाऊदभाईंनी बांधलं आणि ती लंगडी झाली. आधी पाऊल कललं ते सुजेनं, असं लोक धरून चालले; डोळ्यांना दिसतं ते असं दिसत होतं. दाऊदभाई म्हणत होते, पाय आधीच मोडला होता. तेव्हा औंढ्याचे पाटील, धोंडिबा, ठमाबाई आणि आणखी दोघं-तिघं बाजारच्या दिवशी माझ्या दवाखान्यात आले, आणि त्यांनी दाऊदभाईंनाही बोलावून घेतलं. भांडायला नाही. पाटील सरळ मनाचे होते; त्यांना फक्त खरं काय ते कळायला हवं होतं. ते मला विचारायला आले होते, कारण मी शिकलेला होतो.

दाऊदभाई दारात उभे होते. कमरेपुढं बांधलेलं नालबंदाचं कातडं, हातात टोपी. ठमाबाई खाली भिंतीशी बसली होती.

तिला पाहिलं, तिचं पाऊल पाहिलं, आणि मला तिथंच कळलं. न वाकता, न चाचपता कळलं. बाहेरचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं, दाऊदभाईंनी सांगितलं तसंच. चित्र काढून दाखवलं असतं मी. तेव्हा मी म्हणू शकलो असतो, पाटील, माझ्याकडून पाहायचं राहून गेलं. किती शब्द होतात? पण दवाखाना काढून दोन वर्षं झाली होती, बाहेर बाजार भरला होता, आणि दारात नालबंद उभा होता.

मी म्हणालो, "मी पाय हातात घेऊन, बोटानं दाबून दाबून पाहिला होता. तेव्हा हाड शाबूत होतं."

बस. एवढंच बोललो. दाऊदभाईंचं नाव मी घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. तेव्हा शाबूत आणि आता मोडलेलं, तर मध्ये कुणाचा हात लागला, हे पाटलांना काय, कुणालाही कळत होतं. मला तर उलट आपण किती संयमानं बोललो असं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

दाऊदभाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादं जनावर लंगडतंय पण कुठल्या पायानं ते कळत नाही, तेव्हा ते बघत तसं.

"हात लावून पाह्यला व्हता?" त्यांनी विचारलं.

"होय," मी म्हणालो.

मग पाटलांनी ठमाबाईकडं तोंड केलं. तिचा पाय, तेव्हा तिला विचारणं ओघानं आलंच. "बोल गं," ते म्हणाले. "डाक्टरनी हात लावला व्हता का न्हाई?"

धोंडिबा त्या दिवशी तिला आत बसवून दाराबाहेर टांगेवाल्याशी बोलत पाठमोरा उभा होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. आत आम्ही दोघंच होतो. ती आणि मी. तिनं खरं सांगितलं असतं तर मी तिथंच उघडा पडलो असतो, आणि खरं सांगू, त्या क्षणी मला वाटत होतं की ती सांगणार.

ठमाबाईनं पदर पुढं ओढला. "व्हय," ती म्हणाली. "लावलावता."

दाऊदभाईंनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

त्यानंतर त्यांच्याकडं माणसं येईनाशी झाली. बैल येत, घोडे येत. नाल मारायचं कुणी थांबवलं नाही. पण हाडं माझ्याकडं येऊ लागली. आणि एक सांगतो, मी त्या दिवसापासून प्रत्येक पायाला हात लावला. चिखलाचा, शेणाचा, नासूर झालेला, कुणाचाही, आणि कुणी मागं ओढला तरी. आधी चांगला पाय चाचपायचा, मग दुखरा — हीसुद्धा दाऊदभाईंचीच रीत, धोंडिबाच्या तोंडून ऐकलेली. मी ती उचलली आणि कुणाची ते कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणत, हा डॉक्टर बामण असून पायाशी बसतो, गर्व नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी तर त्याहून महाग झाली.

ठमाबाई एकदा माझ्याकडं आली होती, चार-पाच वर्षांनी, लेकीला ताप होता म्हणून. औषध घेऊन उठताना भिंतीला हात टेकून उठली. मी पाहतोय हे तिनं पाहिलं. म्हणाली, "माजंच चुकलं तवा. म्याच पाय वडला." म्हणजे तिनं तो दोष स्वतःकडं घेतला होता. आपण पाय ओढला म्हणून डॉक्टरला पाहता आलं नाही, मग चारचौघांत त्याला खोटं कसं पाडायचं — तिचा हिशेब असा होता. पाय तिचा गेला आणि उपकार फेडल्यासारखी साक्षही तिनंच दिली. मी काय म्हणालो असेन? नाही बाई, तुझं काही चुकलं नाही — असं? मी 'हं' म्हणालो, आणि औषध दिवसातून तीनदा द्यायला सांगितलं.

दाऊदभाईंकडं मी गेलो ते फार उशिरा. त्यांना दम्यानं धरलं होतं, काम भाचा बघत असे. ते शेडच्या कडेला खाटेवर बसून असत. मी सांगायचं ठरवून गेलो होतो. खरंच ठरवलं होतं; वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती. माझ्या टांग्याच्या घोडीचा नाल सैल झाल्याचं निमित्त केलं. दुपारची वेळ होती, भाचा घोडीचा खूर तासत होता, आम्ही दोघं बाजूला होतो. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. मला वाटत होतं की त्यांना काहीच ठाऊक नाही आणि मी सांगितलं की त्यांना धक्का बसेल.

तेच आपण होऊन म्हणाले, "डाक्टर, त्या औंढ्याच्या बाईच्या पायाला तुमी हात लावलाच न्हवता."

मी भाच्याच्या हातातल्या खुराकडं बघू लागलो.

"लावला असता तर घावलं असतं तुमाला. आंधळ्याला घावलं असतं. तुमी काय एवढे वाईट डाक्टर न्हाई."

मी कसंबसं विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत. ते थोडं खोकले, पाणी प्यायले. म्हणाले, "बोलनार व्हतो. पन ती बाई व्हय म्हनली. आता मी बोलायचं म्हंजी तिला चारचौघांत खोटी करायची. तिचा पाय तर गेलाच व्हता."

ते वाट पाहत होते असं मला वाटलं. आरोप त्यांनीच करून टाकला होता, कारणही त्यांनीच सांगितलं होतं. मला आता नुसतं 'होय' म्हणायचं होतं, तेही एकट्या त्यांच्यासमोर. जुळवून आणलेली सगळी वाक्यं मला पाठ होती. मी उठलो आणि भाच्याला विचारलं, मागच्या पायाचाही नाल बघतोस का जरा.

दाऊदभाई दुसरी लढाई संपायच्या आधी गेले. मी मातीला गेलो होतो. ठमाबाई आहे, बाजारच्या दिवशी दिसते, केस पिकलेत, उजवं पाऊल बाहेर टाकत चालते. मला पाहिलं की थांबून लांबूनच नमस्कार करते.

औंढ्यात आजही सांगतात, दाऊद नालबंदानं ठमाबाईचा पाय मोडला. नव्या पोरांना तर ते नाव तेवढ्यासाठीच माहीत आहे. माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसून माणसं एकमेकांना ते सांगतात, आत मी असतो, मधे एक पडदा आहे, सगळं ऐकू येतं. मी एकदाही पडदा सारून बाहेर आलेलो नाही.